पंताची सोबत

१ ऑगस्ट

आजपासून पंत विद्यापीठात जायला लागला, आणि त्याच्यामागून मीही. तो हवामानशास्त्र शिकणार, मी त्याच्या शेजारी बसणार. माझ्या गळ्यात एक पट्टी अडकवलीय, तिच्यावर ‘सोबती’ असं छापलंय. आमचे हे म्हणाले, “शोभतंय तुला.” थट्टा होती की कौतुक, ते कळलं नाही. ह्यांचं कधीच कळत नाही. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात, घरी येईपर्यंत बोलणं संपलेलं असतं.

पंत म्हणजे माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा चार-पाच वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी सासूबाई गेल्या. लहानपणी म्हाताऱ्यासारखं तोलूनमापून बोलायचा, म्हणून गल्लीने ‘पंत’ नाव ठेवलं, तेच राहिलं. तेव्हापासून त्याचं सगळं मीच केलं. डॉक्टर ऑटिझम म्हणतात, वर्तमानपत्रवाले स्वमग्नता म्हणतात. पंत म्हणतो, “स्वतःत मग्न तर सगळेच असतात, माझ्या एकट्याला का म्हणतात?”

पहिल्या दिवशी तो वर्गाच्या दारातच थांबला. वरचा पंखा करकरत होता. मी शिपायाला सांगून पंखा बंद करून घेतला, तेव्हा कुठे आत आला. सगळी पोरं आमच्याकडे बघत होती. बघू देत. त्याच्यासाठी मला लाज वाटायची ती केव्हाच संपली.

४ ऑगस्ट

तासाला मी त्याच्या उजव्या हाताला बसते. आवाज वाढला की बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून हेडफोन काढून त्याच्यापुढे सरकवते. गाणी ऐकायचे नव्हेत, आवाज अडवायचे, जाड गादीचे. ते कानावर चढले की त्याचे खांदे खाली येतात. सर काय म्हणाले ते मी लिहून घेते आणि घरी त्याला वाचून दाखवते. खरं तर त्याला त्याची फारशी गरज नाही, तो ऐकलेलं विसरत नाही. पण असावं.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. अखंड बोलते. पंत आज मागे वळून तिला म्हणाला, “तू रेडिओसारखी आहेस. बटण कुठे आहे?” म्हटलं आता भांडण होणार. ती म्हणाली, “बंद कर म्हटलं की बंद होते. करून बघ.” पंत म्हणाला, “बंद कर.” ती खरंच गप्प बसली. तास संपेपर्यंत.

मी तिला मागून सॉरी म्हणायला गेले, तर म्हणाली, “कशाबद्दल, काकू?”

काकू म्हणाली तेव्हाच ती माझ्या मनातून उतरली.

१९ ऑगस्ट

आज एक गंमत झाली. विभागप्रमुख मॅडम स्वतः तास घेत होत्या. त्यांनी विचारलं, “दवबिंदू तापमान म्हणजे काय, पुस्तकातल्या भाषेत नको, आपल्या भाषेत सांगा.” कुणी हात वर करेना. माझ्या तोंडून निघून गेलं, “हवा थंड होत होत अशा ठिकाणी येते, की तिला तिच्यातलं पाणी आणखी सांभाळवत नाही. ते तापमान.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ह्याहून बरं मी तरी सांगितलं नसतं.”

घरी येताना बसमध्ये मी खिडकीतून ढगच बघत होते. कुठले पसरट, कुठले कापसासारखे, ते आता ओळखता येतात. माझं शिक्षण बारावीला थांबलं, मग लग्न, मग पंत. कधी त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटायला सवड झाली नाही. आज स्वतःसाठी एक पेन घेतलं. पंताच्या टिपणांसाठीच, पण निळं, जरा बऱ्यातलं.

९ सप्टेंबर

रेडिओबाई भारी चिकट आहे. पंत आणि मी डबा घेऊन जिन्याखालच्या बाकावर बसतो, तिथे शांत असतं. आज ती येऊन पंताला म्हणाली, “कॅन्टीनला गर्दी ओसरली की एक टेबल रिकामं होतं, भिंतीकडचं. यायचं?” पंत उठला आणि गेला. अर्धा डबा तसाच टाकून.

मी लांबून बघत होते. ती बोलत होती, मग हा हात वर करत होता, मग ती गप्प होत होती. मग हा बोलायचा. असं आळीपाळीने चाललं होतं. एकदा तो हसलासुद्धा. मला त्याचं हसू ओळखता येतं, तोंड नाही हलत, हाताची बोटं फडफडतात.

ह्या मुलीला त्याची टिपणं हवी असणार. आजकाल फुकट कोण कुणाशी बोलतं? पंताला माणसांची पारख नाही. डोळ्यांत तेल घालून राहायला हवं.

१० सप्टेंबर

टिपणं तिने मागितली नाहीत. उलट स्वतःचीच दिली. म्हणजे डाव लांबचा दिसतो.

६ ऑक्टोबर

मॅडमनी आज डोंगरावरच्या वेधशाळेचं जाहीर केलं. दोघादोघांनी पाळीपाळीने तिथे जाऊन राहायचं, महिनाभर. ठरलेल्या वेळी उठून वायुदाब, आर्द्रता, वाऱ्याची दिशा, सगळ्याची नोंद घ्यायची आणि खाली कळवायची. वर एक राखणदार, एक स्वयंपाकाची खोली आणि बाकी सगळा वारा. ज्यांना जायचंय त्यांना महिनाअखेरीला एक दिवस बसने नेऊन जागा दाखवणार.

पंताचे हात फडफडत होते. घरी आल्यावर जेवता जेवता म्हणाला, “दादा, मी डोंगरावर जाणार.”

हे म्हणाले, “जा की.”

“वहिनी येणार नाही. तिथे दोघांनाच जागा आहे. मी आणि रेडिओ. वेगळ्या खोल्या आहेत, मी विचारलं.”

मी म्हटलं, “अरे, पण तुला रात्री काही झालं तर? तुझं खाणं? नवीन पांघरूण तुला टोचतं, ते?”

“पांघरूण मी नेईन,” तो म्हणाला. “खाणं मला येतं. तू मला करू देत नाहीस, पण येतं.”

“मी कधी करू दिलं नाही?”

“काल. परवा. मंगळवारी. त्याआधी—”

हे मध्येच हसले. मला हसू आलं नाही. मी ताटं उचलून घासायला घेतली.

१४ ऑक्टोबर

दोन दिवस ताप होता मला. पंत एकटा विद्यापीठात गेला. ह्यांनी त्याला बसमध्ये बसवलं तेवढंच. मी अंथरुणात तळमळत होते. कंडक्टर ओरडला तर? बस दुसऱ्या रस्त्याने वळली तर? दर थोड्या वेळाने फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

वेळेवर परत आला. बूट जागेवर ठेवले, हात धुतले. मी विचारलं, “कसं झालं रे?” म्हणाला, “चांगलं. बस वळवली होती, मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत गेलो. रेडिओ पंखा बंद करायला सांगणार होती. मग मी तिला म्हटलं, तू नको सांगू, मी सांगतो. मग मी सांगितलं.”

बरं वाटलं. देवाची कृपाच म्हणायची. पण दिवसभर घर नुसतं खायला उठलं होतं. भिंतींकडे बघत पडून राहिले. दुपारी आभाळात कोणते ढग होते तेही बघितलं नाही. वर्ग नाही तर ढगांचं काय करायचं?

आज तासाला काय झालं ते मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. त्याने सगळं सांगितलं, पण मॅडमनी माझी चौकशी केली का, ते काही सांगितलं नाही. केली नसेल.

२८ ऑक्टोबर

उद्या पंत डोंगर बघायला जाणार. एकटाच. म्हणजे बसमध्ये पंधरा-वीस पोरं आणि एक सर, पण मी नाही. सोबतीला बसमध्ये जागा नाही असं नाही, मी विचारलं होतं. पंतच म्हणाला, “तू आलीस तर त्यांना कळणार नाही, मी एकटा राहू शकतो की नाही ते.” मुद्दा बरोबर होता म्हणून मी वाद घातला नाही.

त्याची बॅग फार मळली होती म्हणून आज धुऊन टाकली. आतलं सगळं काढून ठेवलं होतं, संध्याकाळी पुन्हा भरलं. त्याला स्वतः तपासायची सवय आहे, पण सकाळी मी म्हटलं तर ऐकेल.

२९ ऑक्टोबर

कसं लिहू?

सकाळी बसची वेळ होत आली होती. पंत बॅग उघडून बसणार, तोच मी म्हटलं, “मी सगळं भरलंय रे, बघितलंय, जा, बस निघेल.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “सगळं?” मी म्हटलं, “सगळं.” तो गेला.

दुपारी सरांचा फोन आला. हेडफोन बॅगेत नव्हते. बसमध्ये पोरं गाणी म्हणत होती, पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, यंत्राने दगड फोडत होते, बस तिथेच अडकून पडली. पंताने कप्पा उघडला, पुन्हा उघडला, सगळी बॅग उलटी केली. मग डोकं काचेवर आपटायला लागला. सर घाबरले, त्यांनी त्याला धरलं. धरायचं नसतं त्याला. मग अधिकच. कपाळाला खोक पडली. बस परत फिरवली.

विसरले मी. घाईत राहून गेलं. माणूस आहे, विसरतो माणूस. धुताना काढून ठेवले असणार कुठेतरी.

३० ऑक्टोबर

रेडिओ घरी आली. आज रेडिओ बंद होता, डोळे सुजलेले. म्हणाली, “काकू, सर त्याला सोडतच नव्हते. मी ओरडले त्यांच्यावर. मग त्याला रस्त्याच्या कडेला बसवलं, आणि माझा स्वेटर त्याच्या डोक्यावरून घातला, कान झाकतील असा. हात नाही लावला मी. मग तो शांत झाला. येताना मला म्हणाला, ‘माझे हेडफोन होते. मी ठेवले होते.’ भेटू का त्याला?”

मी म्हटलं, “झोपलाय.”

तो झोपला नव्हता. आतल्या खोलीत होता. तिचा आवाज त्याला ऐकू गेलाच असणार. पण आता त्याला विश्रांती हवी, माणसं नकोत.

३ नोव्हेंबर

मॅडमनी आम्हाला बोलावलं. पंत माझ्या शेजारी बसला होता, कपाळावर पट्टी. मॅडम बोलायला चांगल्या आहेत. म्हणाल्या, “मला त्याला पाठवायचंय. नोंदी तो सगळ्यांत नेमक्या घेतो. पण वर काही झालं तर तिथवर गाडी पोचायला वेळ लागतो. त्या दिवशी जे झालं, ते बघता माझ्याच्याने एकटीने ठरवणं होत नाही. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. तुम्ही सांगा. राहील तो?”

मी पंताकडे बघितलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

मी म्हटलं, “नाही राहणार, मॅडम. माझ्याशिवाय नाही राहायचा तो.”

मॅडमनी त्याला विचारलं, “तुला काय वाटतं?”

पंताने कपाळावरची पट्टी चाचपली. म्हणाला, “मला आता माहीत नाही.”

मॅडम उठून आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. मला म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ही मुलं शिकतात.” मला रडू आलं. कशाचं आलं कोण जाणे.

१२ नोव्हेंबर

पंत विद्यापीठात जात नाही. सकाळी आंघोळ करून, कपडे घालून तयार होतो आणि मग कपाट उघडून शोधायला बसतो. एक एक कप्पा रिकामा करतो, पुन्हा जसाच्या तसा लावतो. कपाट झालं की पलंगाखाली, मग स्वयंपाकघर. माझं कपाट तेवढं सोडतो, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही असं मीच त्याला लहानपणी शिकवलंय.

मी म्हटलं, “अरे, जाऊ दे ना. गेले असतील कुठे.”

“वस्तू जात नाही,” तो म्हणाला. “माणूस नेतो किंवा माणूस विसरतो.”

मी घरीच असते. पंत नाही तर मला तिथे कोण आत घेणार? निळं पेन तसंच पडलंय.

२० नोव्हेंबर

हे नवे हेडफोन घेऊन आले, अगदी तसलेच. पंताने खोक्यातून काढले, परत ठेवले. “हे माझे नाहीत.”

“तुझेच आहेत आता,” हे म्हणाले.

“दादा, माझे कुठेतरी आहेत. मी ते पुढच्या कप्प्यात ठेवले होते हे मला आठवतं. वहिनी म्हणाली, तिने सगळं भरलं. वहिनी खोटं बोलत नाही. म्हणजे मी ठेवलेच नव्हते आणि मला ठेवल्याचं आठवतंय. म्हणजे माझं आठवणं चुकतं.” मग खोकं बंद करून म्हणाला, “निरीक्षकाचं आठवणं चुकलं तर त्याची कुठलीच नोंद खरी नाही. वाऱ्याची नाही, कशाचीच नाही. म्हणून मी जात नाही. मॅडमना सांग.”

त्याने एवढं सलग बोलून किती दिवस झाले होते.

हे माझ्याकडे बघत होते. मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

२१ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. काही लिहीत नाही.

४ डिसेंबर

थंडी पडली. ह्यांना कामावर जायला जाड स्वेटर हवा होता. तो माझ्या कपाटात, वरच्या फळीवर, माझ्या कपड्यांखाली असतो. मी गॅसपाशी होते. “थांबा, मी देते,” म्हणेपर्यंत ह्यांनी फळी उपसली.

बाहेर आले ते हातात हेडफोन घेऊन. पंत न्हाणीघरात होता, पाण्याचा आवाज येत होता.

“हे काय?”

मी म्हटलं, “अगंबाई, तिथे कसे गेले? बॅग धुतली तेव्हा ठेवले असतील मी, नंतर लक्षातच—”

“तो महिनाभर घर उपसतोय. तुझ्यासमोर.”

मी गॅस बंद केला.

हे खाली बसले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, “शेताला कुंपण घातलं, आणि कुंपणानेच शेत खाल्लं.”

“तुम्हाला काय वाटतं, मी मुद्दाम केलं? ज्याला मी पोटच्यासारखं—”

“मला काही वाटत नाही. तू सांग.”

पाण्याचा आवाज थांबला. ह्यांनी हेडफोन माझ्या मांडीवर ठेवले. उठताना म्हणाले, “त्याला मी सांगणार नाही. तू सांगशील. आणि तुला शिकायचं होतं, तर माझ्याकडे बोलायचंस ना एकदा.”

“मला तरी कुठे माहीत होतं,” मी म्हटलं. हे तोवर दाराबाहेर गेले होते.

५ डिसेंबर

नाही सांगितलं.

सांगायचं म्हणून दोनदा त्याच्या खोलीत गेले. एकदा चहा घेऊन, एकदा धुतलेले कपडे घेऊन. तो पलंगाखाली डोकं घालून शोधत होता. म्हणाला, “वहिनी, विजेरी धरतेस?” मी धरली.

८ डिसेंबर

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. कुणी नुसतं ‘कपाट’ म्हटलं तरी दचकते.

आता ह्या पानावर तरी खरं लिहिते. त्या संध्याकाळी बॅग भरताना ते माझ्या हातात होते. मी विसरले नव्हते. एवढंच मनात आलं की ते नसले तर त्याला माझी आठवण होईल. अर्ध्या वाटेवरून फोन येईल, मी रिक्षा करून जाईन, त्याला शांत करीन, आणि सगळ्यांना दिसेल. काच, कपाळ, रक्त, हे काही मनात आलं नव्हतं. आणि नंतर, झाल्यावर, काढून देता आले असते. दुसऱ्याच दिवशी ‘अरे, सापडले बघ’ म्हणता आलं असतं. तेही केलं नाही. मॅडमच्या टेबलापाशी बसले होते, तेव्हा ते कुठे आहेत हे मला माहीत होतं.

९ डिसेंबर

आज सांगितलं.

सकाळी तो खुर्चीवर चढून माळ्यावरचे डबे उतरवत होता. मी म्हटलं, “पंत, खाली ये. बस.” हेडफोन टेबलावर ठेवले.

तो बघत राहिला. हात लावला नाही.

“कुठे होते?”

“माझ्या कपाटात. मी ठेवले होते.”

“विसरून?”

मी हेडफोन त्याच्याकडे सरकवले. म्हणाले, “नाही. मुद्दाम.”

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, “आधी ते माझ्या बॅगेत होते? पुढच्या कप्प्यात?”

“होते.”

“मी ठेवलेले?”

“तूच ठेवलेले. मी काढले.”

आणि त्याची बोटं फडफडायला लागली. दोन्ही हातांची. तो उभा राहिला, खोलीत एक फेरी मारली, पुन्हा आला. “म्हणजे माझं आठवणं बरोबर आहे,” तो म्हणाला. “वहिनी! म्हणजे माझं डोकं बरोबर आहे!”

इतका आनंद त्याला झालेला मी कधी बघितला नव्हता. मी रागाची वाट बघत होते. त्याने ओरडावं, डबे फेकावेत, मला घरातून जा म्हणावं, सगळ्याची तयारी करून बसले होते. ह्याची तयारी केली नव्हती.

मग त्याने विचारलं, “का काढलेस?”

“तू गेलास तर मी काय करू, असं वाटलं.”

त्याने विचार केला. खरंच विचार केला, डोळे मिटून. म्हणाला, “ते मला माहीत नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

“रागावलास?”

“अजून कळलेलं नाही. मला राग उशिरा कळतो. कळलं की सांगेन.”

डबे त्याने पुन्हा माळ्यावर लावले, होते त्याच क्रमाने.

१५ डिसेंबर

पंत एकटा मॅडमना भेटायला गेला. हे म्हणाले होते, मी येतो. नको म्हणाला. जाताना मला म्हणाला, “मी खरं सांगणार आहे. तुझ्याबद्दलसुद्धा. मला खोटं नीट जमत नाही.” मी म्हटलं, “सांग.”

दुपारी मॅडमचा फोन आला. त्या काय काय बोलल्या ते सगळं इथे लिहवत नाही. शेवटी म्हणाल्या, “पहिल्या पाळ्या ठरून गेल्यात. फेब्रुवारीतली एक रिकामी आहे, ती त्याची. तोवर वर्गात त्याला सोबत लागली तर आम्ही इथली बघू. तुम्ही आता येऊ नका.” मग म्हणाल्या, “वाईट वाटतंय मला. तुमच्याबद्दल माझं मत फार चांगलं होतं.”

गळ्यातली पट्टी पंताच्या हाती परत पाठवली.

११ जानेवारी

शेजारणीने विचारलं, “हल्ली जात नाही वाटतं विद्यापीठात?” म्हटलं, “त्याला आता गरज नाही.” ती म्हणाली, “तुमच्या कष्टांचं चीज झालं हो.” मी हसले. आपलेच दात, आपलेच ओठ.

हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. आधीही तेवढंच बोलायचे, पण ते बोलणं वेगळं होतं.

पंत सकाळी स्वतःचा डबा स्वतः करतो. अंडं उकडतो, ब्रेड कापतो, ओटा पुसून ठेवतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले की म्हणतो, “वहिनी, तू उभी राहिलीस की मला घाई होते.” मी बाहेर येऊन बसते. बाहेरच्या खोलीत माझ्यासाठी असं काही काम नसतं.

२ फेब्रुवारी

आज गेला. रेडिओची पाळी आधीच होऊन गेली होती, म्हणून त्याच्याबरोबर वर्गातला दुसरा एक मुलगा आहे, फारसं न बोलणारा. रेडिओ सोडायला आली होती. तिला सगळं माहीत आहे हे तिच्या नजरेवरून कळलं. तरी मला नमस्कार केला, आणि ‘काकू’ म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही.

बॅग पंताने भरली होती. मी हात लावला नाही. पांघरूणही त्यानेच गुंडाळलं, जरा वेडंवाकडं. बसच्या पायरीवर चढला, दादाकडे बघून हात केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “वहिनी, तिथे काही लागलं तर मी दादाला फोन करणार. तू वाट बघू नको.” हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर टोमणा समजले असते. पंताला टोमणे येत नाहीत. मला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं त्याने.

बस वळून गेल्यावर हे म्हणाले, “चल.” घराजवळ आल्यावर ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

१ मार्च

पंताचा महिना संपत आला होता, पण मॅडमनी त्याला आणखी राहायला सांगितलं. त्याच्या नोंदी चांगल्या आहेत म्हणे. ह्यांना फोन येतो दर रविवारी. आज बोलता बोलता ह्यांनी मला न विचारताच फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

“वहिनी?”

“हं. बोल.”

“सकाळी धुकं होतं. समोरचा खांब दिसत नव्हता. मग वारा फिरला आणि सगळं एकदम उघडलं. खाली ढग होते आणि आम्ही वर.”

“हो?” मी म्हटलं. आणखी काय म्हणावं ते सुचेना. खूप विचारायचं होतं. कसले ढग होते, वारा कुठून फिरला, जेवतोस का, झोपतोस का. म्हटलं, “छान.”

“हो,” तो म्हणाला. मग थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. तो फोन ठेवत नव्हता, मीही ठेवला नाही. मला वाटलं, आता सांगेल. रागावलाय की नाही, ते आता सांगेल.

“नोंदीची वेळ झाली,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

अजून त्याला कळलेलं नाही, किंवा कळलंय आणि सांगितलेलं नाही. विचारायचं नाही असं मी ठरवलंय.